पेटारीवरची लाख

माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. वेलांटी पहिली कुठे द्यायची आणि दुसरी कुठे, ते मला अजून कळत नाही. चौथीपर्यंतच शिकले. कुणाच्या हाती हे लागलंच तर चुकांबद्दल माफ करावं. खरं म्हणजे कुणी वाचावं म्हणून मी लिहीतच नाही. आमच्या घरी पेटारीवरच्या लाखेची गोष्ट दर पोळ्याला पाहुण्यांपुढे निघते, मामाजी ती चुकीची सांगतात, आणि मी चुलीपाशी बसून ऐकते. मामाजी म्हणजे माझे सासरे. ते आता थकले, पण गोष्ट थकत नाही. चारचौघांत तोंड उघडून दुरुस्त करणं मला या जन्मात जमणार नाही. निदान कागदावर तरी ती बरोबर असावी.

गडचिरोली जिल्हा चांद्यापासून वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या घरामागे सांदवाडी आहे. तिथे मी भाजीपाला लावत असे आणि बाजारात विकत असे. पण जंगल जवळ, त्यामुळे रानडुकरं रात्री येऊन सगळं नांगरून जात. बांबूचं कुंपण हवं होतं. मामाजी म्हणाले, डुकराला कुंपण काय माहीत, ते खालून घुसते. पैसे दिले नाहीत. शेवटी मी माझ्या मोठ्या बहिणीकडे गेले. तिनं उन्हाळाभर तेंदूपत्ता तोडून पैसे जमवले होते. घर फेरायला, म्हणजे छपरावरचे फुटके कवेलू बदलून नीट बसवायला. तिच्या घरात पाऊस आला की गळतीखाली सहा ठिकाणी गंज, म्हणजे पातेली, मांडावे लागत.

ती म्हणाली, "घे. यंदाचा पाऊस काढतो मी कसाबसा. पन पुढच्या पावसाच्या आत दे बापा. पोरीले ओल्या भुईवर निजवतो मी."

मी बरं म्हटलं. मनाशी हिशेब केला की भेंडी आणि अंबाडी यांवर दिवाळीपर्यंत सगळे देऊन टाकीन. अंबाडीचं तर काहीच वाया जात नाही. कोवळा पाला भाजीला, लाल बोंडं चटणीला, आणि काड्या बोडीत, म्हणजे शेतालगतच्या लहान तळ्यात, कुजवल्या की सालीचा वाख निघतो. मामाजींचे दोर त्याच वाखाचे. आमच्या मामाजींसारखा दोर वळणारा पंचक्रोशीत नव्हता. पोळ्याला बैलांना नवे कासरे आणि नव्या वेसणी लागतात, ते सगळे त्यांच्या हातचे.

कुंपण झालं. मृगात बी टाकलं, सगळं छान उगवलं. आणि त्याच वर्षी मामाजींच्या डोक्यात लाख शिरली, बांगड्यांना लागते ती.

जंगलातल्या गावाहून त्यांनी बियाण्याच्या लाखेच्या काड्या आणल्या आणि कुंपणालगतच्या पळसांना बांधल्या. विकणाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं की किडे आधी लाल राहतात, फांदीवर पसरतात, मग पांढरे दोरे दिसू लागले की समजायचं, लाख जिवंत आहे. चिकट रस गळेल, मुंग्या येतील, खालची पानं काळी पडतील, भ्यायचं नाही. एवढं त्या माणसानं सांगितलं. जे सांगायचं राहिलं ते सगळं माझ्या वाट्याला आलं.

कुंपणाच्या बाहेर पळसांच्या खाली पेटारीचं रान माजलं होतं. हे तण इकडे सगळीकडे येतं. पिवळी फुलं, आणि फळ असं गोल दातेरी की पोरं ते मातीत बुडवून भिंतीवर ठसे मारतात. पावसानं उघडीप दिली, भादव्याचं ऊन पडलं, आणि एका सकाळी मला पेटारीच्या शेंड्यांवर कापूस दिसला. जवळ जाऊन पाहिलं तर कापूस नव्हे, पीठ लावल्यासारखे किडे. मी उपटायला वाकले, तोच मागून खोकल्याचा आवाज आला.

इथे आमच्या घरची रीत सांगायला हवी. मी सासऱ्यांशी समोरासमोर बोलत नसे. सासूबाई होत्या तोवर त्यांच्यामार्फत बोलणं चाले. त्या गेल्यावर मधे कुणी उरलं नाही, म्हणून आम्ही दोघं बकरीशी बोलत असू. मी बकरीला सांगायचं, त्यांनी ऐकायचं. त्यांनी बकरीला सांगायचं, मी ऐकायचं. कामापुरतं चालून जाई. पण भांडायचं असेल तर बकरीमार्फत भांडून पाहावं कुणी.

मी पदर ओढला आणि बकरीला म्हटलं, "बकरी, पेटारीले कीड लागली वो. उपटून जाळाची हाये."

मामाजी म्हणाले, "बकरे, सांग तिले, पेटारीले हात लावाचा नाई. पलसावरची लाख खाली उतरली. फुकटात वाढून राह्यली."

"लाख झाडावर येते ना, बकरी? तनावर कशी येईन?"

"तिकडे लोक तुरीवर लाख घेतात. तुरीवर येते तं पेटारीवर काऊन नाई येनार? बकरीले समजते, घरातल्या मानसाले नाई समजत."

मग त्यांनी एक किडा नखानं चिरडला आणि बोट बकरीपुढे धरलं. बोटावर लालसर पाणी होतं. "पाह्य. रंग पाह्य." लाखेच्या किड्यातून लाल रंग निघतो हे सगळ्यांना माहीत आहे. बकरी बोट हुंगून निघून गेली.

रात्री मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मंग तू सांग ना त्याईले."

"मी कशी सांगू?"

"तुयापाशी बकरी तं हाये. मायापाशी थे बी नाई."

त्याचंही खरं होतं. बापापुढे त्याची मान कधी वर झाली नाही.

तेव्हापासून मी रोज सकाळी पाणी घालायला गेले की आधी पेटारी पाहायची. दुसरं करणार तरी काय? उपटायचं नाही, तर निदान काय आहे ते तरी बघावं. तांदळाच्या कणीएवढी मादी, वरून पिठाळ, आतून गुलाबी. तिच्या मागच्या बाजूला कापसाची पिशवी असायची. काडीनं ती पिशवी उकलली तर आत खसखशीहून बारीक गुलाबी अंडी, मोजता येणार नाहीत इतकी. आई तिथेच सुकून मरे, तिच्या अंगाचं चिपाड पिशवीवर झाकणासारखं राही. आठवडाभरात अंड्यांतून धुळीसारखी पिल्लं निघत. त्यांच्यावर पीठ नसे. ती सगळी कोवळ्या शेंड्याकडे चालत सुटत. शेंड्यात, पानाच्या बगलेत जाऊन सोंड खुपसत आणि मग हळूहळू पीठ चढे. कात टाकत, पुन्हा पीठ चढे. त्यातली काही बारीक पांढऱ्या कोशात शिरत आणि चिलटासारखी पंख घेऊन बाहेर येत. ते नर. एक-दोन दिवस भिरभिरत आणि मरत. माद्यांना पंख कधीच फुटत नसत. एका अमावस्येला जी पिल्लं पाहिली, ती पुढच्या अमावस्येला पिशव्या घेऊन बसलेली. त्यांच्या पिशव्या फुटल्या की पेटारीचं आणखी एक झाड पांढरं.

आणि मुंग्या. मुंग्या तर त्यांच्या गुराखी झाल्या होत्या. गोड रस चाटायच्या आणि पिल्लू तोंडात धरून नव्या झाडावर नेऊन ठेवायच्या. मला त्या मुंग्यांचा जितका राग आला तितका मी कुणाचा केला नसेल. मग एक दिवस घरी येऊन लुगडं झटकलं तर काठाला तीच पिल्लं चिकटलेली दिसली. म्हणजे मीही नेत होते. पेटारी बघून त्याच लुगड्यानं भेंडीत शिरत होते.

मामाजींची पळसावरची लाख मी पाहिली होती. तिथला किडा एकदा बसला की बसला. त्याच्यावर लाखेचं कवच चढतं, तो जागचा हलत नाही. हे किडे मोठे झाले तरी काडीनं डिवचलं की पाय काढून चालू लागत. मला वाटलं, आता तरी पुरावा मिळाला. मी गोठ्यात जाऊन मोठ्यानं म्हटलं, "बकरी, लाख चालत नाई वो."

बाजेवरून उत्तर आलं, "कवळी हाये म्हून चालते. बकरे, तू नाई का लहानपनी उड्या मारत?"

अशा माणसापुढे काय करावं?

नवरात्र आलं तेव्हा भेंडीचे शेंडे आवळून मुठीसारखे झाले होते. पेटारीची फुलं, भेंडीची फुलं, अंबाडीची फुलं, सगळी एकाच घाटाची, नुसती लहानमोठी. ते किड्यांना माझ्याआधी समजलं होतं. वांग्याला त्यांनी फारसा हात लावला नाही, भेंडी आणि अंबाडी मात्र धुऊन काढली. बाजारात टोपली नेली तर भेंड्या वाकड्या आणि देठापाशी पांढऱ्या. एक बाई हातात घेऊन म्हणाली, "काऊन वो, पीठ लावून इकतेस का? तेल बी तूच देतेस का तळाले?" आजूबाजूच्या हसल्या. टोपली तशीच डोक्यावर घेऊन परत आले आणि म्हशीपुढे ओतली. म्हशीनंही हुंगून मान फिरवली.

इकडे मामाजींना वाटत होतं, लाख तयार झाली. दिवाळीच्या सुमारास त्यांनी पेटारी खरवडून एक पायली पांढरा माल जमवला. लाख गाळतात तसा तो कापडाच्या लांब पिशवीत भरला, अंगणात निखारे केले आणि समोरच्या घरच्या काकूंना हाक मारली. काकू म्हणजे गावाचं वर्तमानपत्र. लाख गाळताना पिशवी निखाऱ्यावर धरून पिळायची, आतली लाख वितळून कापडातून बाहेर येते. मी दाराआड उभी होते.

काकू म्हणाल्या, "काय भाऊ, आता आमी बांगड्या पेटारीच्या भराच्या का?"

"पाह्य तं खरी," मामाजी म्हणाले आणि पिशवी पिळू लागले.

आधी चुरचुर आवाज आला. मग जळक्या केसांसारखा वास. मग पिशवीतून फिकट गुलाबी पाणी टपकलं, निखाऱ्यावर पडून फसफसलं, आणि निखारा विझला. आणखी पिळलं तर आणखी पाणी. शेवटी कापड जळालं आणि आतला चोथा राखेत पडला.

काकूंनी नाकाला पदर लावला. "भाऊ, सरबत केलं का जी? साखर घालाची राह्यली वाट्टे."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मला बहिणीच्या घरातले सहा गंज दिसत होते. आता तरी म्हणतील, उपट पेटारी. मामाजींनी राख लाथेनं सारली आणि बकरीकडे तोंड करून म्हणाले, "कच्ची हाये. पिकू दे."

त्यानंतरही ते पंधरवडा थांबले. पंधरवडा! तोवर अंबाडीवर एक धड शेंडा राहिला नाही. बोंडं धरली नाहीत, पाल्याची भाजी कुणी घेतली नाही. काड्या मात्र कापून बोडीत घातल्या, वाख तरी मिळेल म्हणून. कुजल्यावर मामाजी वाख सोलायला बसले. निरोगी अंबाडीची साल बुडापासून शेंड्यापर्यंत एका ओढीत सुटते, हातात लांबच लांब केसांसारखी येते. त्यांनी ओढलं, वीतभर तुकडा आला. दुसरी काडी घेतली, गाठीशी तुटली. जिथे जिथे किडा बसला होता तिथे काडी फुगून गाठाळली होती. त्यांनी पेंढीमागून पेंढी पाहिली. एक कासरा निघेल इतकाही लांब वाख नव्हता. पोळ्याला लोक दोर मागायला येणार आणि मामाजींकडे दोर नसणार, असं कधी झालं नव्हतं.

ते तडक उठले, विळा घेतला, कुंपणाबाहेर गेले आणि दुपारपर्यंत पेटारीचं एकेक झाड मुळासकट काढून जाळलं. परत आल्यावर बकरीला म्हणाले, "सांग तिले, पेटारी ठेवाची नाई. किडा पकडते. बायांच्या ध्यानात नाई येत."

मी भांडी घासत होते. हातातला गंज मी इतका घासला की त्याची कल्हई निघाली.

दिवाळीला बहिणीला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. तसा निरोप पाठवायलाही लाज वाटली, म्हणून पाठवला नाही. चैतात ती स्वतःच आली. ती माझ्यासारखी नाही. पदर खोचून सरळ मामाजींच्या बाजेसमोर उभी राहिली.

"मामाजी, तुमच्या लाखेपायी माह्या घराचे कवेलू अडले. कुंपनाचे पैसे मी देल्ले होते. तुमाले ठाऊक हाये का?"

मामाजींना ठाऊक नव्हतं. ते माझ्याकडे पाहू लागले, मी खांबाकडे. मग ते म्हणाले, "लाख पलसावर हाये ना. थे इकू."

"मंग इका."

"यंदाची बियान्याले लागते. पुढच्या साली इकू."

"माह्या घरात पानी यंदा येते, मामाजी. पुढच्या साली नाई."

बहीण चहा न घेता गेली. जाताना मला म्हणाली, "तू बकरीले सांगत बस." ते मला लागलं, कारण ते खरं होतं. त्या पावसातही तिनं गंज मांडले. पोरीला खोकला धरला तो दसऱ्यापर्यंत सुटला नाही.

दुसऱ्या वर्षी मला वाटलं, जाळली ना पेटारी, गेले किडे. कुठले जातात! पहिला पाऊस पडला, कुंपणापाशी पेटारीची रोपं वर आली आणि त्यांच्या बुडाशी मातीत बोट घातलं तर मुळावर पांढरं. उन्हाळाभर ते ढेकळांखाली, मुंग्यांच्या वारुळात, जुन्या बुडख्यांच्या सालीत दडून बसले होते. त्या दिवशी मी कुणाला विचारलं नाही, बकरीलाही नाही. पेटारी, रानभेंडी, त्या घाटाच्या फुलाचं जे जे तण दिसलं ते वीतभर असतानाच उपटलं आणि चुलीत घातलं. मुंग्यांच्या बिळांत उकळतं पाणी ओतलं. भेंडीच्या शेंड्यात कापूस दिसला की शेंडाच खुडून राखेच्या गरम पाण्यात टाकायचा. आणि आधी भाजीत जायचं, तणाकडे नंतर, म्हणजे लुगड्याला लागून काही येणार नाही.

त्यातही एक मूर्खपणा केलाच. किड्यांमध्ये काही मोठे, झिपरे, भराभर चालणारे पांढरे किडे होते. मला वाटलं, ह्या सगळ्यांत थोराड आया, म्हणून वेचून वेचून तेच चिरडले. बरेच दिवसांनी एकाला थांबून पाहिलं तर तो कापसाच्या पिशवीत तोंड घालून अंडी खात होता. म्हणजे माझ्या बाजूनं लढणारे तेवढे मीच मारत होते. पुढे त्यांतलेच काही वाढून बारीक गोल ढालकिडे झाले. तेव्हापासून भराभर चालतो त्याला सोडायचा, रेंगाळतो त्याला मारायचा, असं ठरवून टाकलं.

त्या साली भेंडी सरळ आली. दर बाजारी थोडे पैसे बाजूला पडत आणि बाजारातच बहिणीच्या गावची कुणी भेटली की तिच्या हाती ते जात. अंबाडी पुरुषभर उंच झाली. बोंडं विकली. वाख एका ओढीत निघाला, मामाजी दिवसभर मांडीवर दोर वळत बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले की पेटारी काढली म्हणून अंबाडी आली, आपल्या लक्षात आलं ते बरं झालं.

वैशाख लागला तेव्हा शेवटचे थोडे पैसे राहिले होते. एखाद-दोन बाजारांचं काम होतं. पण उन्हाळ्यात भाजी नाही आणि बहिणीनं कवेलू बसवणारा माणूस ठरवला होता. नेमकी तेव्हाच मामाजींनी पळसावरची लाख विकली. किती आली ते त्यांनी सांगितलं नाही. फार आली नसावी, कारण त्यांनी त्याचं काहीच आणलं नाही. बैलगाडी जुंपली, बकरीला म्हणाले, "सांग तिले, चाल म्हना," आणि मला बहिणीच्या गावी घेऊन गेले.

बहीण अंगणात उभी होती. मी पदराच्या गाठीतले पैसे तिच्या हातावर ठेवले. कमी होते. मी तसं सांगायला तोंड उघडणार, तोच मामाजींनी खिशातून नोटा काढून त्यावर ठेवल्या.

"लाखेचे," ते म्हणाले. तिथे बकरी नव्हती. सरळ माझ्याकडे बघूनच म्हणाले, "फेडले ना शेवटी लाखेनं?"

म्हणून आमच्याकडे दर पोळ्याला सांगतात की सुनेचं कर्ज मामाजींच्या लाखेनं फेडलं.

बहिणीनं सगळे पैसे एकत्र करून पाहिले, कमरेच्या बटव्यात टाकले आणि नाडी आवळली. "पुरे झाले," ती म्हणाली. "आता तुयाकडे काईच नाई राह्यलं." आणि छपरावर चढलेल्या माणसाला तिनं ओरडून सांगितलं की पहिला कवेलू चुलीवरचा काढ, तिथूनच जास्त गळते.